सतरा नावांची तानुबाई

तानुबाईनं उभ्या जन्मात स्वतःसाठी एकही उपास धरला नाही. धरले ते सगळे दुसऱ्यांच्या नावाचे.

आमच्या खालच्या गल्लीत ही रीत तिनंच पाडली. एखाद्या सुनेनं सोळा सोमवार बोललेले असायचे, दहाव्या सोमवारी तिला दिवस जायचे, मळमळ सुटायची आणि उपाशी राहणं काही जमायचं नाही. मग ती तानुबाईच्या ओट्यावर येऊन बसायची.

"किती राह्यले?" तानुबाई विचारायची.

"सहा."

"दे इकडं."

ते सहा सोमवार तानुबाई आपल्या पोटावर घ्यायची. मोबदला एकच, फराळ ज्याचा नवस त्याच्या घरून. साबुदाण्यात दाण्याचा कूट कमी पडला की ताटली परत जायची आणि सोबत निरोप, देवाच्या कामात हात आखडायचा नसतो म्हणून.

भांडणंही ती बदलीची करून द्यायची. नव्या सुनेला शेजारणीशी भांडायची सोय नसते, तोंड उघडलं की सासू डोळे वटारते. अशी सून दुपारी येऊन काय काय बोलायचं ते सांगून जाई, आणि दिवस कलला की तानुबाई शेजारणीच्या दारात उभी राहून एकही मुद्दा न गाळता भांडून येई. स्वतःचा राग त्यात तीळभर नसायचा. काम झालं की त्याच शेजारणीकडे बसून चहा प्यायची.

तिचे नियम दोन. पहिला, एका दिवसाला एकच नाव. सकाळी अंघोळ झाली की सूर्याकडे तोंड करून ती म्हणायची, "आजचा दिवस पूनमचा." मग दिवस मावळेपर्यंत तो दिवस पूनमचा. एका उपासात दोन घरचे नवस उरकणं म्हणजे तिच्या लेखी चोरी. दुसरा नियम, ज्याचं काम केलं त्याचं नाव बाहेर काढायचं नाही.

नवरा माणिकराव जाऊन वीस वर्षं झाली होती. लेक सुरतेला. घरी दोन शेळ्या, पायात नवऱ्याच्या मागं राहिलेल्या चपला आणि डाव्या गालात तंबाखू. वय सत्तरीच्या पुढं, पण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊन पोट असं की त्याच्यावर घड्याळ लावून घ्यावं. हे पोटाचं सांगून ठेवणं भाग आहे, कारण पुढं जे झालं ते सगळं त्याच्यावरच झालं.

आमचं गाव वडनेर भोलजीहून चार किलोमीटर आत. गेल्या साली तुरी सोंगायच्या दिवसांत तिथं नागपूरच्या एका प्रयोगशाळेतून मंजुश्री मॅडम आली. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, मूळची लोणारची, जंतूंवर डॉक्टरेट करत होती. सोबत आमच्या गावची आरोग्याचं काम पाहणारी आशाताई वंदना, हातात बर्फाचा निळा डबा. शाळेच्या ओसरीवर गल्ली गोळा झाली.

मॅडम म्हणाली, औषधाला दाद न देणारे जंतू वाढत चालले आहेत. आधी जी गोळी तीन दिवसांत गुण द्यायची ती आता आठ दिवस खाऊनही देत नाही. असे जंतू पुष्कळदा माणसाच्या पोटात गुपचूप राहतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कसे जातात, पाण्यातून का चुलीपाशी हाताहातातून, हे आम्हाला पाहायचं आहे. त्यासाठी घरटी दोन डब्या पाहिजेत, एक घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाची आणि एक स्वयंपाक करणारीची.

"डबीत काय द्याचं?" रामराव म्हणाले. रामराव म्हणजे गल्लीतले मोठे कास्तकार. पारावर शेवटचा शब्द त्यांचा.

सकाळी परसाकडं होतं ते, सुपारीएवढं, असं मॅडमनं सांगितलं. बायांनी पदर तोंडाला लावले.

मागून तानुबाईचा आवाज आला, "शिकून शिकून पोट्टी इथवर आली पाहा."

सगळी ओसरी हसली. मॅडमही हसली. "हाव आजी," ती म्हणाली, "माह्यी मायही असंच म्हनते." तेवढ्यावर ती आमची झाली.

रामरावांनी तिथंच जाहीर केलं की पहिली डबी घर नंबर चारची, म्हणजे त्यांची. तानुबाईचं नाव मात्र यादीत नव्हतं. ज्या चुलीवर चौघांहून जास्त माणसं जेवतात तीच घरं घेतली होती, आणि तानुबाईच्या चुलीवर जेवणारी एकटी तानुबाई.

"म्हंजे माह्या पोटात जंतू राहत नाही का?" तिनं वंदनाला विचारलं.

"राह्यतात वो मोठीमाय. पन यादीत बसत नाही."

तानुबाईनं तंबाखू थुंकली आणि शेळ्या घेऊन गेली.

म्हाताऱ्यांच्या डब्या चार दिवसांत आल्या. गाडं अडलं ते सुनांपाशी. डबीवर कागद चिकटवलेला आणि त्यावर नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव. ते नाव घेऊन ती डबी जायची त्याच निळ्या डब्यात, सासऱ्याच्या डबीला खेटून, वंदनाच्या हातून वडनेरला, तिथून जीपनं मलकापूरला आणि पुढं रेल्वेनं नागपूरला.

रामरावांची सून सुवर्णा पंपावर पाणी भरता भरता म्हणाली, "मी आजवर मामाजीच्या फटफटीवर मांगं बसली नाही, अन् आता नागपूरपर्यंत त्यायच्या संगं जाऊ का?"

हे सगळ्यांना पटलं. वंदना रोज सकाळी येई, आणि सुना म्हणत, आज जमलं नाही, उद्या. नाही देत असंही म्हणवत नव्हतं. कारण वंदनाला नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? अकरा वर्षांत गल्लीतलं एकेक लेकरू तिच्या हाताखालून गेलेलं. सुवर्णाची पोरगी तर वंदनानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जन्माला आणली होती.

शेवटी सुवर्णा तानुबाईच्या ओट्यावर आली. पदराखाली डबी.

"मोठीमाय, माह्ये चार सोमवार तू पुरे केले होते नं?"

"केले होते."

"तसंच हे एक कर."

तानुबाईनं डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. सोमवार घेता येतात, भांडण घेता येतं, मग हे का नाही, याचा तिनं थोडा विचार केला असावा.

"नाव घ्या लागते का?"

"डबीवर लिहेल आहे."

"मंग ठेव तिथं."

दोन दिवसांत गल्लीतल्या सुनांमध्ये ही खबर पोचली आणि तानुबाईच्या कोनाड्यात डब्या जमल्या. मोजून सतरा. सगळ्यांनी तिच्याकडून वचन घेतलं की कोणाला सांगायचं नाही. तिला त्याचाच राग आला. "मी आजवर सांगतलं का कोनाचं?"

आता दुसरी एखादी असती तर तिनं एकाच सकाळी सतराही डब्या भरून टाकल्या असत्या. सुपारीएवढं तर पाहिजे. पण तानुबाईचा पहिला नियम होताच. रोज एक डबी. अंघोळ करून सूर्याकडे पाहून "आजचा दिवस सुवर्णाचा", दुसऱ्या दिवशी दुसरीचं नाव, असं. डबी भरली की ज्या घरची तिथल्या मागच्या दाराशी नेऊन ठेवायची. थोड्या वेळानं वंदना पुढच्या दारात येई, आणि सून ती डबी अशी काही लाजत हाती देई की कोणालाही ती तिचीच वाटावी.

सहाव्या दिवशी तानुबाईची दाढ ठणकली. तो दिवस पूनमचा होता. तिनं लवंग धरून काढला. सातव्या दिवशी, म्हणजे चांगुणाच्या दिवशी, गाल सुजला, तेव्हा ती रामरावांच्या घरी गेली. रामरावांच्या पायाला मागं जखम झाली होती, त्याच्या गोळ्यांच्या पाकिटात पाच गोळ्या उरल्या होत्या. आमच्याकडे उरलेली गोळी कोणी फेकत नाही. ती देव्हाऱ्याच्या शेजारी डब्यात राहते आणि ज्याला लागेल तो नेतो. तानुबाईनं पाच नेल्या. तीन खाल्ल्या, सूज उतरली, तशी उरलेल्या दोन प्रामाणिकपणे परत नेऊन डब्यात टाकल्या.

सतराव्या दिवशी सतरावी डबी गेली. वंदनानं यादीवर शेवटची खूण केली आणि सुटकेचा श्वास टाकला.

मॅडम परत आली ती उन्हाळ्यात, कुरडयांचा चीक शिजत होता तेव्हा. या खेपेला तिच्यासोबत तिचे वरिष्ठ, राजकुमार सर. उंच, चष्मेवाले, कमी बोलणारे. पुन्हा शाळेच्या ओसरीवर गल्ली बसली.

मॅडमचा चेहरा उतरलेला होता. ती म्हणाली, "तुमच्याकडे भाट येतो ना, वंशावळीची वही घेऊन? कोण कोणाचा बाप, कोणाची शाखा कुठं गेली, सगळं सांगतो. जंतूच्या पोटातही अशी वही असते. पन्नास लाख अक्षरांची. आम्ही ती सगळी वाचतो. दोन जंतू एका घरचे आहेत, भावकीतले आहेत, का एकमेकांना ओळखतही नाहीत, ते त्यावरून कळतं."

"मंग?" रामराव म्हणाले.

"काका, घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांचे जंतू वेगवेगळे निघाले, जसे निघायला पाहिजेत तसे. पण सतरा घरच्या सुनांच्या पोटात एकच जंतू आहे. औषधाला न जुमानणारा. पन्नास लाख अक्षरांत एका अक्षराचाही फरक नाही म्हटलं तरी चालेल. असं आम्ही आजवर कुठं पाहिलं नाही."

बाया खाली पाहू लागल्या.

"तुम्ही सगळ्याजणी असं काय करता," मॅडमनं विचारलं, "की जे तुमच्या घरची दुसरी माणसं करत नाहीत? एका ठिकाणचं काही खाता? एका भांड्यातलं पिता?"

तानुबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं तंबाखू या गालातून त्या गालात घेतली.

मॅडमनं पंपाच्या दांड्याला कापूस पुसून घेतला. पिठाच्या गिरणीत गेली. बचत गटाची सतरंजी पाहिली. कुरडयांचा सोऱ्या पाहिला. सुना तिच्या मागं मागं फिरत होत्या, आणि दर ठिकाणी "नाही वो मॅडम, हे तं सारेच वापरतात" एवढंच म्हणत होत्या. पूनमच्या डोळ्यांत तर पाणीच आलं, कारण मॅडमनं तिला हात हाती घेऊन सांगितलं की घाबरू नको, आम्ही तुला काही होऊ देणार नाही.

दुपारी राजकुमार सरांनी वंदनाला बाजूला बोलावलं. बाजूला म्हणजे किती, ओसरीच्या टोकाला. सगळ्यांना ऐकू आलं.

"वंदनाताई, खरं सांगा. एकाच डबीतून सतरा डब्या भरल्या की नेमकं असंच दिसतं. दारोदार फिरायचा कंटाळा येतो, मला समजतं."

"सर, मी सतरा दिवस दारोदार फिरली."

"तुमच्यासमोर भरल्या?"

वंदना त्यांच्याकडे पाहतच राहिली. "सर, ते समोर कसं पाहाचं? दारात भरेल डबी भेटत होती."

"मला अहवालात लिहावं लागेल. नमुने खोटे आले आणि ते तुमच्या हातून आले. पुढं तुमच्या कामाचं काय करायचं ते वरचे ठरवतील. उद्या सकाळी दहाला मी अहवाल पाठवणार. तोवर काही सांगायचं असेल तर सांगा."

वंदना पायरीवर येऊन बसली. निळ्या डब्याचं झाकण तिनं उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आत काही नव्हतं.

तानुबाई उठली. तिला सगळं समजलं होतं. ती तिथंच बोलली असती तर वंदना सुटली असती. पण सतरा नावं तिच्याकडे ठेवीसारखी होती, आणि दिलेला शब्द तिनं पन्नास वर्षांत मोडला नव्हता. मग तिनं तिसरा रस्ता काढला. ती उन्हात सतरा घरं फिरायला निघाली.

पहिलं घर पूनमचं. "माह्या जिभेवर तुह्यं नाव ठेवेल आहे," तानुबाई दारातूनच म्हणाली, "ते उचलून घे."

"म्हंजे?"

"म्हंजे तू घेतलं म्हन. मंग मी मोकळी."

पूनमनं चीक ढवळता ढवळता मान हलवली. "घेतलं मोठीमाय. वंदनाताईच्या पोटावर पाय नको."

चांगुणा म्हणाली, "घेतलं. पन मले पुढं बसवजो नको, मी मांगं बसीन." कोणी लगेच हो म्हणालं, कोणी तासभर घोळवलं. एकीनं सासूला विचारायला वेळ मागितला, तर सासूच आतून ओरडली की मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, घे म्हणा आपलं नाव. ऊन उतरेपर्यंत सोळा नावं परत झाली.

सतरावं घर रामरावांचं. सुवर्णा गोठ्यात होती.

"मी नाही घेत," ती म्हणाली. "मामाजी पारावर सांगत फिरले, पहिली डबी आमच्या घरची. आता मी खोटं केलं म्हनाव का? ते मले घरात उभं नाही करतीन."

"तुह्यी पोरगी कोनं काढली व, ट्रॉलीत?"

सुवर्णानं गव्हाणीत चारा टाकायला घेतला.

"मी जबरदस्ती करत नाही," तानुबाई म्हणाली. "तुह्यं नाव माह्यापाशी सुखरूप आहे." आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत ओसरी भरली. पारावरची माणसंही आली होती. राजकुमार सरांनी लॅपटॉप उघडला. वंदना एका कडेला उभी, साडी इस्त्रीची, जणू काही सत्काराला आली होती.

तानुबाई उभी राहिली. "सर, तुमचा जंतू सापडला."

"कुठं?"

तिनं पोटावर हात ठेवला. "अठी."

मग तिनं सगळं सांगितलं. बदलीच्या उपासाचं, सुनांच्या लाजेचं, निळ्या डब्याचं. पुरुष मंडळी आधी ऐकत होती, मग एकमेकांकडे पाहू लागली, मग जमिनीकडे. मंजुश्री मॅडमनं तोंडावर हात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"वंदनीले काही मालूम नव्हतं," तानुबाईनं शेवट केला. "सोळाही डब्या माह्या."

मॅडमचं हसू थांबलं. "सोळा? आजी, सतरा आहेत."

"मी सोळा म्हनलं."

"मग सतरावी कोणाची?"

"ते मले सांगता येत नाही."

सर वंदनाकडे वळले. "म्हणजे सतरावी अजूनही..."

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून सुवर्णा उठली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि सासऱ्याकडे न पाहता म्हणाली, "सतरावी माह्यी. म्हंजे मोठीमायचीच. माह्या नावाची. अन् ही सारी अक्कल पहिल्यांदा मीच काढली होती. वंदनाताईचं यात काही नाही."

रामरावांचा चेहरा तांबडा झाला. ते उभे राहिले. "घराची इज्जत पार नागपूरपर्यंत..."

"काका," मंजुश्री मॅडम अगदी हळू म्हणाली, "घर नंबर चारच्या जुन्या माणसाची डबी. त्याच्याबद्दल इथं बोलू, का आपण दोघं नंतर बोलू?"

रामराव खाली बसले. "नंतर बोलू," ते म्हणाले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "वंदनाताई," ते म्हणाले, "माझं चुकलं." सगळ्यांसमोर म्हणाले. वंदनानं मान हलवली आणि निळ्या डब्यावर बसली. पूनमनं तिला पाणी आणून दिलं.

"पण नमुने गेलेच," सर मॅडमला म्हणाले. "सतरा घरं म्हणून एकच बाई. यातून काय निघणार?"

उत्तर द्यायच्या आधी मॅडमनं तानुबाईला एक प्रश्न विचारला, बहुतेक उगाचच. "आजी, सगळ्या एकाच दिवशी भरल्या असतील ना?"

तानुबाई दुखावली. "एका दिवसात सतरा नावं? मी काय ठग आहे का? एका दिवसाले एक. अंघोळ करून."

"रोज एक? सतरा दिवस?"

"सांगू का नावं?" आणि आता सुवर्णाचंही नाव मोकळं झालं होतं, म्हणून तानुबाईनं पहिल्यापासून सतराव्यापर्यंत नावं सांगितली, एकदाही न अडखळता. मॅडम लॅपटॉपवर बोट फिरवत होती. आतापर्यंत त्यांनी डब्या घराच्या नंबरानं लावल्या होत्या. तिनं त्या तारखेनं लावल्या.

"सर, हे पाहा."

पडद्यावर सतरा गोल ताटल्यांचे फोटो होते. औषध मिसळलेल्या ताटलीवर नमुना पसरवतात आणि जो जंतू त्या औषधाला मरत नाही तोच तिथं ठिपक्यासारखा उगवतो. पहिल्या आठ ताटल्यांवर चार-दोन ठिपके. नवव्या ताटलीपासून जागाच नाही, पांढरी साय धरल्यासारखी.

"आजी, मधे काही झालं होतं का? काही औषध घेतलं?"

"पूनमच्या दिवशी दाढ ठनकली," तानुबाई म्हणाली. "चांगुनाच्या दिवशी पयली गोयी. पुढचे दोन दिवस एक-एक. तीनच घेतल्या. दोन वापस देल्ल्या."

"वापस?"

"डब्यात आहेत. विचारा सुवर्णाले."

सर पुढं वाकले. सातवी डबी, पहिली गोळी. नववीला ताटली भरली. आणि सतराव्या दिवसापर्यंत काही ती ओसरली नव्हती. ते मॅडमशी इंग्रजीत भराभर बोलायला लागले. त्या कमी बोलणाऱ्या माणसाला तेव्हा कोणी थांबवू शकलं नसतं.

"आमच्या मराठीत सांगा नं," वंदना म्हणाली. तिला आता तो अधिकार होता.

मॅडमनं सांगितलं. आजींच्या पोटात हा जंतू आधीपासून थोडा होता, कोपऱ्यात. तीन गोळ्यांनी त्याचे शेजारी मारले. हा मेला नाही. मोकळी जागा मिळाली, पसरला. आणि एकाच माणसात, रोजच्या रोज, गोळीच्या आधी आणि नंतर, हे असं घडताना पाहायला मिळणं दुर्मीळ असतं. कोण देतं सलग सतरा दिवस डबी?

"म्हंजे कुंद्यासारखं," रामराव म्हणाले. बसल्यापासून त्यांचा हा पहिला शब्द. "अर्धं निंदलं, बाकी तन काढलं अन् कुंदा सोडला, तं साऱ्या वावरात कुंदाच."

"अगदी तसंच, काका."

"मले काही होईन का?" तानुबाईनं विचारलं.

"आता तर तुम्ही ठणठणीत आहात. पण पुढं कधी याच जंतूनं दुखणं आणलं तर ती गोळी कामाची नाही. डॉक्टरला दुसरी शोधावी लागेल."

तानुबाईनं विचार केला. "मंग तं हे सोमवाराच्या उलटं झालं. उपास दुसऱ्याचा घेता येते. गोयी नाही घेता येत."

"नाही येत," मॅडम म्हणाली. "जिच्या नावानं लिहून दिली तिनंच खायची, आणि डॉक्टरनं सांगितली तितकीच."

त्या दुपारी सुवर्णानं देव्हाऱ्याजवळचा डबा आणून ओसरीवर उलटा केला. मग चांगुणानं आपला आणला. मग एकेक घर. खोकल्याच्या, तापाच्या, कोणाच्या कशाच्या ते कोणालाच न आठवणाऱ्या गोळ्यांचा ढीग पडला. मॅडमनं त्या पिशवीत भरून घेतल्या. पिशवी चांगली वजनदार झाली.

सुनांच्या डब्या नव्यानं घ्यायच्या ठरल्या. या खेपेला वंदनानं दुसरा डबा मागवून घेतला, सुनांचा वेगळा. पूनमनं त्याला फुलाफुलांची खोळ शिवली. सासऱ्यांचा निळा डबा जीपमध्ये पुढं आणि सुनांचा मागं. एका आठवड्यात सतरा डब्या गेल्या, आणि नागपूरहून निरोप आला की सतरा घरी जंतूंच्या वेगवेगळ्या भावक्या आहेत, सगळं जसं असायला हवं तसं आहे. सुवर्णाला घरात कोणी बोललं नाही, कारण रामरावांनीही त्याच आठवड्यात वंदनाकडे हळूच दुसरी डबी मागितली.

वंदनानं ती दिली आणि म्हणाली, "काका, या टायमाले म्हशीले तरास नका देऊ."

पारावर चौघं होते. आठवड्याभरात गल्लीतल्या शेळ्यांनाही ते माहीत झालं.

जाण्याआधी राजकुमार सर तानुबाईच्या ओट्यावर आले होते. वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक डबी पाहिजे, तो जंतू कधी ओसरतो ते पाहायला. कागद आणला होता, संमतीचा.

"कोनाच्या नावानं?" तानुबाईनं विचारलं.

"तुमच्याच."

"यादीत बसते का मी?"

"यादी तुमच्यावरूनच सुरू होते आता," सर म्हणाले.

अंगठा देण्याऐवजी तिनं सही केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, वीस वर्षांत न वापरलेली. "तानुबाई" एवढं लिहायला तिला बराच वेळ लागला आणि सर तेवढा वेळ शेळीला आपल्या पिशवीपासून लांब ठेवत उभे राहिले.

पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार आला. सकाळीच चांगुणा ओट्यावर हजर. पाच सोमवार राहिले होते, आणि तिला दिवस गेले होते.

"मोठीमाय, आजपासून घेतं का?"

"पुढच्या सोमवारपासून देजो. आज नाही जमत," तानुबाई म्हणाली. अंघोळ झाली होती, ती सूर्याकडे तोंड करून उभी होती. "आजचा दिवस तानुबाईचा."

मग ती डबी घेऊन निघाली. पदराखाली नाही, उघड्या तळहातावर, नाव बाहेरच्या बाजूला. पंपावरच्या बायांनी रस्ता दिला. पारावर रामराव पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, तरी तानुबाई त्यांच्यासमोर थांबली.

"पाह्यता का भाऊ?" ती म्हणाली. "मानसाचं आहे."

रामरावांनी पेपर थोडा आणखी वर धरला. तो हलत होता, आणि वारा तर अजिबात नव्हता.